मार्चमध्ये तीर्थन नदीवर ट्राउट नेमका कधी लागतो?

सह्याद्रीतल्या डोहांवर किंवा कोकणातल्या खाडीवर गळ टाकत मोठ्या झालेल्या माणसाला एक सवय अंगवळणी पडलेली असते. पहाटे उजाडायच्या आत पाण्यावर हजर व्हायचं, नाहीतर उन्हं कलल्यावर जायचं. मधला वेळ जेवणाचा आणि झोपेचा. हीच सवय घेऊन मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात हिमाचलमधल्या तीर्थन नदीवर गेलात, तर सकाळचे तीन-चार तास फुकट जातील आणि मासा खायला सुरुवात करेल तेव्हा तुम्ही राजमा-चावलवर बसलेले असाल.

वसंताच्या तोंडाशी तिथे सगळा खेळ पाण्याच्या तापमानाचा असतो. ऊन चढलं की पाणी जरा ऊबदार होतं आणि थंडीनं सुस्तावलेला ट्राउट हालचाल करू लागतो. पण तेच ऊन वरच्या उतारांवरचा बर्फही वितळवत असतं, आणि ते पाणी दुपारनंतर खाली पोचलं की नदी पुन्हा गार होते, चढते, गढुळते. या दोन गोष्टींच्या मध्ये जे काही तास मिळतात ते कसे ओळखायचे, हे एकदा समजलं की बाकीचं बरंचसं आपोआप सुटतं.

आधी नदीबद्दल थोडं. तीर्थन कुल्लू जिल्ह्यात ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या उंच भागात उगम पावते. गुशैणी गावात तिला फलाचन येऊन मिळते, मग ती बंजारकडे उतरते आणि लारजीजवळ सैंजच्या सोबतीनं बियासला मिळते. जलोडी खिंड, जिभी, तीर्थन अशी सहल आपल्याकडची पुष्कळ कुटुंबं मे महिन्यात करतात, त्यामुळे ही नदी अनेकांनी पाहिलेली असते. मार्चमधली नदी मात्र मेमधल्या नदीपेक्षा फार वेगळी असते. पाणी कमी, काचेसारखं नितळ, आणि हात घातला तर काही क्षणांत बोटं बधीर होतील असं.

इथला ब्राउन ट्राउट मूळचा इथला नाही. इंग्रजांनी १८९९ मध्ये त्याची अंडी काश्मीरला आणायचा पहिला प्रयत्न केला, पण ती वाटेतच मेली. १९०० मधली खेप, स्कॉटलंडहून आलेली, जगली. काश्मीरमध्ये मासा रुजल्यावर १९०९ मध्ये तो कुल्लूच्या खोऱ्यात आला आणि बियासच्या उपनद्यांमध्ये पसरला. इथला खरा रहिवासी म्हणजे स्नो ट्राउट, जो नावात ट्राउट असूनही रोहू-महसीरच्या कार्प कुळातला आहे. बाहेरून आलेल्या माशानं त्याची जागा किती बळकावली हा वेगळा आणि गंभीर विषय आहे. तीर्थनवर गळ टाकणाऱ्यानं तो मनात ठेवावा असं मला वाटतं.

आणखी एक गोष्ट या विषयाशी थेट जोडलेली आहे. माजी आमदार दिलाराम शबाब आणि खोऱ्यातल्या लोकांनी जलविद्युत प्रकल्पांविरुद्ध लढा दिला, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि तीर्थनवर ते प्रकल्प झाले नाहीत. शेजारच्या सैंजवर धरण आहे, लारजीला बियासवर आहे. धरणाखालच्या नदीचं पाणी वीज कधी हवी त्यावर चढतं-उतरतं. तीर्थनचं पाणी आजही फक्त ऊन, बर्फ आणि पाऊस यांच्यावर चढतं-उतरतं. म्हणूनच तिचा दिवस वाचता येतो.

आता मासा. ट्राउटच्या शरीराला स्वतःची ऊब नसते. पाणी जितकं अंश, तितकाच तो. पाणी गार असेल तर त्याचं पचनही मंदावतं. चार-पाच अंशांच्या पाण्यात एकदा पोट भरलं की ते रिकामं व्हायला फार वेळ लागतो. अशा वेळी तो वाहत्या धारेत उभा राहून शक्ती घालवत नाही. धारेत टिकून राहायला जेवढी ताकद खर्च होते त्याहून जास्त खाण्यातून मिळणार असेल, तरच तो धारेत येतो. हा जमाखर्च त्याला चुकवून चालत नाही. ब्राउन ट्राउटची वाढ साधारण ४ ते १९ अंश सेल्सिअसमध्ये होते आणि सर्वांत चांगली १३ च्या आसपास. म्हणजे मार्चमधली तीर्थन त्याच्या खालच्या मर्यादेजवळच असते, आणि म्हणून तिथे एकेक अंशाला किंमत येते. पंधराचं सोळा झालं तर त्याला फारसा फरक पडत नाही. सहाचं आठ झालं तर दगडाआड पडून राहिलेला मासा उठून खायला लागतो.

ऑक्सिजनची चिंता या दिवसांत करायचं कारण नाही. गार पाण्यात तो भरपूर विरघळतो आणि तीर्थन दगडांवरून आपटत येते. ती काळजी मे-जूनमधल्या खालच्या, तापलेल्या पाण्याची.

तापमान बघायला साधा पाण्यात बुडवायचा थर्मामीटर पुरतो. दोरीला बांधायचा, गुडघाभर वाहत्या पाण्यात एखाद्या दगडाच्या सावलीत धरायचा, मिनिटभर थांबायचं आणि शक्यतो पाण्यातच वाचायचा. काठाशी साचलेल्या पाण्यात बघू नये. ते उन्हानं लगेच तापतं आणि खोटी आशा लावतं. स्वच्छ उन्हाच्या दिवशी सकाळी पाच अंशांच्या आसपास असलेलं पाणी दुपारी आठ-नऊ अंशांपर्यंत गेलेलं दिसतं. वर किती गेलं यापेक्षा ते अजून वर जातंय की थांबलंय, याकडे माझं जास्त लक्ष असतं. चढतं तापमान म्हणजे चांगली वेळ चालू आहे. आकडा थांबला किंवा अर्ध्या अंशानं उतरला, की वरचं पाणी आलं असं समजायचं.

दरी अरुंद आहे, त्यामुळे मार्चमध्ये नदीवर ऊन उशिरा पडतं. गावात लख्ख उजाडलेलं असतं पण पात्रावर अजून डोंगराची सावलीच असते. एकाच वळणाच्या अलीकडे ऊन आणि पलीकडे सावली, असं तासभर चालतं. सकाळी जायचंच असेल तर ज्या काठावर आधी ऊन येतं तो पट्टा आदल्या दिवशीच हेरून ठेवावा. उन्हात तापलेल्या मोठ्या धोंड्यांच्या कडेचं उथळ पाणी सगळ्यात आधी सुधारतं.

बर्फाचा भाग मला या सगळ्यात सर्वांत रंजक वाटतो, आणि लोकांचा गोंधळही इथेच जास्त होतो. समजूत अशी की ऊन पडलं की डोंगरभरचा बर्फ वितळायला लागतो. तसं होत नाही. हिवाळाभर साठलेल्या जाड थराचं तापमान शून्याच्या बरंच खाली असतं. वरचा पापुद्रा वितळला तरी ते पाणी आत झिरपतं आणि आतल्या गार बर्फात पुन्हा गोठतं. संपूर्ण थर शून्य अंशाला आल्यावरच त्यातून पाणी बाहेर पडू लागतं. शिवाय बर्फ वितळायला उष्णता खूप लागते. शून्य अंशाच्या एक किलो बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी व्हायला ३३४ किलोज्यूल लागतात, आणि तेवढ्याच उष्णतेत एक किलो पाणी ८० अंशांनी तापलं असतं. म्हणून मार्चच्या सुरुवातीला चार हजार मीटरवरचा बर्फ नदीला जवळजवळ काहीच देत नाही. पाणी येतं ते खालच्या, पातळ पट्ट्यातून, अडीच-तीन हजार मीटरच्या आसपासच्या दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवरून. तो बर्फ थोडा आणि लवकर संपणारा असतो, त्यामुळे नदीचं चढणंही या दिवसांत बेताचं असतं.

बेताचं असलं तरी परिणाम जाणवतो. आठ अंशांच्या नऊ बादल्या पाण्यात शून्य अंशाची एक बादली ओतली तर सगळं पाणी ७.२ अंशांवर येतं. प्रत्यक्षात वितळलेलं पाणी वाटेत थोडं तापतं, पण सोबत ओढ्यांतली माती आणि पालापाचोळाही घेऊन येतं. बर्फ सर्वांत जास्त दुपारी एक ते तीनच्या दरम्यान वितळतो, आणि ते पाणी खड्डांमधून (छोट्या प्रवाहाला तिकडे खड्ड म्हणतात) उतरत मुख्य नदीत यायला काही तास लागतात. गुशैणीच्या आसपास उन्हाच्या दिवशी साडेतीन-चारनंतर पातळी हळूहळू चढू लागते. बर्फाजवळ जावं तितकी ही वेळ अलीकडे येते, खाली बंजारकडे यावं तितकी पुढे जाते.

तेव्हा हिशेब असा लागतो. सकाळी साडेदहापर्यंत घाई नाही. अकराच्या सुमारास पाणी चढत्या तापमानाला लागतं. बारा ते तीन हा गाभा. चारनंतर नदी तुमच्या हातातून निसटायला लागते. ढगाळ दिवशी हे सगळं सपाट होतं. पाणी तापत नाही तसं फार गारही होत नाही, आणि दिवसभर थोडं थोडं काहीतरी चालू राहतं.

दुपारी पाणी चढतं याचा संबंध जिवाशीही आहे. सकाळी मांडीइतक्या पाण्यातून पलीकडे गेलेला माणूस चार वाजता त्याच जागेवरून परत येऊ शकेलच असं नाही. पाणी वीतभर चढलं तरी त्याचा जोर बराच वाढतो, आणि पाच-सहा अंशांच्या पाण्यात पडलेल्या माणसाचे हातपाय काही मिनिटांत नीट चालेनासे होतात. मी पोचल्यावर पहिलं काम करतो ते पाण्याच्या अगदी काठाला टेकलेला एक दगड निवडायचं. त्याच्या कोरड्या भागावर ओली रेघ कुठे आहे ते बघून ठेवायचं, आणि अधूनमधून मान वळवून बघायचं. रेघ बुडली की आपल्या काठाला यायचं. मासा लागत असला तरी.

जागा निवडताना उंचीचा विचार करावा. उंचीबरोबर हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी गार होते. लारजीला नदी हजार मीटरच्या आतबाहेर असते, गुशैणीला पंधराशेच्या वर. त्यामुळे एकाच दिवशी खालचं पाणी वरच्यापेक्षा दोन-तीन अंशांनी ऊबदार सापडू शकतं. मार्चच्या सुरुवातीला बंजार ते नागनी (बंजारहून गुशैणीकडे जाताना लागणारं गाव) हा खालचा भाग बरा, आणि एप्रिल उजाडेल तसं वर सरकावं. सगळे पहिल्याच दिवशी पार्कच्या दिशेनं धाव घेतात, कारण देखावा तिथे जास्त चांगला आहे.

झऱ्यांकडेही लक्ष ठेवावं. जमिनीतून येणाऱ्या पाण्याचं तापमान वर्षभर फारसं बदलत नाही. उन्हाळ्यात ते नदीपेक्षा गार असतं, पण मार्चमध्ये नदीपेक्षा ऊबदार. काठावर एखाद्या ठिकाणी हिरवंगार शेवाळ आणि पाणवनस्पती दिसत असतील तर तिथे बहुधा झरा पाझरतोय. त्याच्या खालच्या अंगाला पहिला गळ टाकावा.

थंडीत मासा खोल, संथ डोहात आणि मोठ्या धोंड्याच्या मागे तळाला चिकटून असतो. तळाशी पाण्याचा वेग वरच्यापेक्षा खूप कमी असतो, म्हणून तिथे टिकायला कष्ट नाहीत. पाणी सात-आठ अंशांच्या पुढे गेलं की तो डोहाच्या तोंडाशी येतो, जिथे खळाळ संपून पाणी खोल होतं. खाणं तिथूनच वाहत येतं. फेस जिथे रेघेनं सरकतो ती रेघ बघावी. किडे आणि त्यांच्या अळ्या त्याच रेघेतून जातात.

इथे मी बोलतोय ते फ्लाय फिशिंगबद्दल. ते ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. आपल्या नेहमीच्या गळात वजन शिशाचं किंवा आमिषाचं असतं आणि ते दोरी ओढून नेतं. इथे आमिष म्हणजे बारीक गळाला पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेला नकली किडा. त्याला जवळजवळ वजनच नसतं. त्यामुळे वजन जाड दोरीत असतं, आणि छडीच्या झोकानं ती दोरी हवेत उलगडत त्या किड्याला घेऊन जाते. पाण्यावर पडल्यावर तो खऱ्या किड्यासारखा, प्रवाहाच्या वेगानं, दोरीची ओढ न लागता वाहिला पाहिजे. सगळं कौशल्य या शेवटच्या वाक्यात आहे.

नकली किडा कोणता लावायचा हे नदीलाच विचारावं. उथळ पाण्यातला तळहाताएवढा दगड उचलून उलटा करा. खालच्या, ओल्या बाजूला काही तरी सरपटताना दिसेल. अंगानं चपटे, मागे बहुतेक तीन शेपट्या आणि पोटाच्या कडेला थरथरणारे पिसासारखे कल्ले, ही मेफ्लायची पिल्लं. दोनच शेपट्या, दणकट पाय आणि सावकाश चाल असेल तर स्टोनफ्लाय. वाळूचे कण किंवा काड्या चिकटवून केलेल्या नळीत डोकं बाहेर काढून बसलेली असेल ती कॅडिसची अळी. त्यांचा आकार आणि रंग बघा. मार्चमध्ये यातले बरेचसे जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढे आणि काळपट-तपकिरी असतात. तसाच, त्याच मापाचा किडा पेटीतून निवडायचा. दगड जसा होता तसा, त्याच बाजूनं परत ठेवायचा.

या किड्यांचं आयुष्य जवळजवळ सगळं पाण्याखाली जातं. पंख फुटून वर येणं हा शेवटचा थोडा काळ. थंड दिवसांत असे वर येणारे किडे थोडे आणि तेही दुपारच्या उबेतच. म्हणून मार्चमध्ये पाण्यावर तरंगणाऱ्या माशीपेक्षा तळाजवळून जाणारा वजनदार मणी लावलेला किडा जास्त कामाचा. तो मधूनमधून तळाला टेकत गेला पाहिजे. अजिबात टेकत नसेल तर तो माशाच्या डोक्यावरून जातोय, आणि या तापमानात ट्राउट वर येऊन घेण्याचे कष्ट करत नाही. मात्र भर दुपारी एखाद्या संथ पट्ट्यावर लहान लहान वर्तुळं उठू लागली, म्हणजे मासा वरचे किडे टिपू लागला, तर लगेच तरंगणारी माशी लावा. ती अर्धा-पाऊण तासाचीच गंमत असते.

पाणी नितळ असणं ही सुरुवातीच्या मार्चमधली खरी अडचण आहे. माशाला तुम्ही दिसता. काठावर उभं राहू नये, सावली पाण्यावर पडू देऊ नये, कपडे दगडमातीच्या रंगाचे घालावेत, दोरीच्या टोकाचा पारदर्शक धागा लांब आणि बारीक ठेवावा. मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो, त्यामुळे खालून वर जावं. किंचित धुरकट झालेलं पाणी मला उलट आवडतं. गुडघाभर पाण्यात उभं राहिल्यावर बुटाचं टोक पुसट दिसत असेल तर उत्तम. मासा बिनधास्त असतो आणि त्याला आमिषही दिसतं. घोट्याएवढ्या पाण्यातही बूट दिसेनासा झाला तर सामान आवरावं.

हवामानाचा एक प्रकार मात्र सगळा हिशेब मोडतो. मार्चमध्ये पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारे कमी दाबाचे पट्टे, हिमालयात पाऊस आणि बर्फ आणतात. वर बर्फ पडला आणि खाली नुसता गारठा असेल तर नदी दुसऱ्या दिवशी आणखी खाली जाते, नितळ होते. मासा हट्टी होतो, पण धोका नसतो. ताज्या बर्फावर पाऊस पडला तर गोष्ट वेगळी. पाऊस आणि वितळलेलं पाणी एकदम येतं, खड्ड भरून वाहतात, आणि हे रात्रीही होऊ शकतं. अशा अंदाजाच्या दिवशी नदीपात्रात तंबू ठोकू नये.

हिमाचलमध्ये ट्राउटच्या पाण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद असते आणि १ मार्चला मोसम उघडतो. मत्स्य विभागाचा परवाना लागतो. बंदीचं कारण माशाचं प्रजनन. पण १ मार्चला बंदी उठते तेव्हा ते प्रजनन पूर्ण संपलेलं नसतं, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. ब्राउन ट्राउटची मादी हिवाळ्याच्या सुरुवातीला बारीक खड्यांच्या तळात शेपटीनं खळगा करते, अंडी घालते आणि खड्यांनी झाकते. अंडी फुटायला किती दिवस लागतील हे पाण्याच्या उबेवर असतं. रोजचं सरासरी तापमान अंशांत मोजून बेरीज करत गेलं, तर ती साधारण ४०० ते ४५० झाली की अंडी फुटतात. पाच अंशांच्या पाण्यात म्हणजे ऐंशी-नव्वद दिवस. नोव्हेंबरच्या मध्यावर घातलेली अंडी फेब्रुवारीत फुटतात, पण पिल्लं पोटाशी पिवळी पिशवी घेऊन आणखी कित्येक आठवडे खड्यांच्या आतच राहतात. म्हणजे आपण मार्चमध्ये ज्या उथळ, सोप्या, चालायला बऱ्या पट्ट्यावरून जातो, तिथे आपल्या बुटाखाली ती असू शकतात.

असा खळगा ओळखता येतो. डोहाच्या शेपटाशी, जिथे पाणी उथळ होऊन वेग घेतं, तिथे अंगठ्याच्या पेरापासून आवळ्याएवढ्या खड्यांचा एक लांबट पट्टा दिसतो. आजूबाजूचे दगड शेवाळानं काळपट असतात आणि हा पट्टा धुतल्यासारखा फिका. वरच्या अंगाला किंचित खोलगट, खालच्या अंगाला उंचवटा. तिथे पाय ठेवू नये; काठानं किंवा मोठ्या धोंड्यांवरून जावं. शेवाळ चढून रंगाचा फरक पुसला गेला असेल तर त्या प्रकारचे सगळेच खडे टाळावेत. प्रजननानंतर मोठे मासेही रोडावलेले असतात, डोकं मोठं आणि अंग बारीक. असा मासा लागला तर ओल्या हातानं, पाण्यातच ठेवून, टोकाजवळचा उलटा दाता आधीच काढलेल्या गळातून सोडवून जाऊ द्यावा.

मार्च सरता सरता दुपारची वेळ वाढत जाते आणि एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मासेमारीचे सर्वांत चांगले दिवस येतात. त्यानंतर वरचा जाड बर्फ पाणी सोडू लागतो. मग नदी रात्रभर चढलेली राहते, सकाळीही उतरत नाही, आणि नितळ हिरवं पाणी पांढुरकं होतं. तेव्हा मुख्य पात्र सोडून ज्या खड्डांच्या माथ्यावर बर्फ उरलेला नाही त्या शोधाव्यात. त्यांचं पाणी आधी निवळतं.